चीवरांचं मशीन

मोन्यवा,
२६ जुलै २००५

ती. कोकोस,
न्योचा शि. सा. न. वि. वि.

मशीन सुखरूप पोचलं. मालट्रकवाल्याने ते आळीच्या तोंडाशीच उतरवलं आणि पुढे चिखल आहे म्हणून हात झटकले. मग शेजारपाजारच्या चौघांनी बांबूला दोर बांधून ते नवरदेवासारखं मिरवत आपल्या मागच्या अंगणात आणून विटांच्या चौथऱ्यावर ठेवलं. अमे ओट्यावर बसून चिरूट ओढत हुकूम सोडत होती. खोक्यावर तू तुझ्या हाताने लिहिलं होतंस की ही बाजू वर ठेवा, ते वाचून म्हणाली की एवढा मोठा झाला तरी पोटच्या पोराला आईवर भरवसा नाही.

बाजारातल्या वीजवाल्याने जोडून दिलं. पहिलं धुणं देखणं झालं. वरून झाकण उघडून कपडे टाकायचे, बटण दाबायचं, भरणं, घुसळणं, पाणी सोडणं, पिळणं सगळं त्याचं ते करतं. मी अर्धा वेळ नुसती झाकणाच्या काचेतून बघत उभी होते. मागच्या थडिंजूला, वर्षावास संपतो त्या दिव्यांच्या सणाला, ल्विन मास्तर लफ्याचं, मुरवलेल्या चहापानांचं ताट घेऊन मला मागायला आले, तेव्हा अमेने त्यांना काय सुनावलं होतं ते तुला ठाऊकच आहे. माझे गुडघे वाकत नाहीत, मनगटं धरलीत, ही गेली तर माझं धुणं काय तुमची शाळा धुणार? एका बटणावर होईल अशी सोय करा आणि खुशाल घेऊन जा. तू तिचा शब्द पकडलास आणि मशीन धाडलंस. काचेतून बघताना मला खरोखर वाटलं की माझी सुटका त्या टोपात गरगर फिरते आहे.

पण कोको, आपल्या आईला तू ओळखत नाहीस. दुसऱ्याच दिवशी तिने विहारात जाऊन सयाडोंना, तिथल्या मुख्य भिक्खूंना, सांगितलं की वर्षावास संपेपर्यंत सगळ्या भिक्खूंची चीवरं आमच्या घरी धुतली जातील. पुण्य तिचं आणि हात माझे. शिवाय चीवरं ज्यात धुवायची त्यात बायकांच्या लुंग्या कशा टाकणार? तेव्हा अमेचे आणि माझे कपडे मी पूर्वीसारखीच विहिरीवर आपटते आणि वर चीवरांचा ढीग मशीनपाशी सांभाळते. आधी एक धुणं होतं, आता दोन झाली. हसू नकोस.

त्यातून दुसऱ्या खेपेपासून मशीनचं बिनसलं आहे. धुवून होतं, पाणी सोडायला लागतं, अर्धं सोडतं आणि थांबतं. बाकीचं तसंच आत. मग पिळत नाही, नुसतं टीं टीं करत दिवे मिचकावतं. सयाडोंचं चीवर अर्ध्या पाण्यात बसलेलं, मी बाहेर उभी.

मास्तरांची बदली दूर डोंगरातल्या कलॉला झाली आहे. थडिंजू झाला की त्यांना तिकडे रुजू व्हायचं आहे. वर्षावासात लग्न होत नाही, नंतर त्यांना थांबता येत नाही. मी आले नाही तर ते एकटे जातील, असं त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं, पण सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, या वयात तिसऱ्यांदा कोणी विचारायला येणार नाही. तेव्हा तुझं हॉटेल आणि तिथली यंत्रं जरा बाजूला ठेव आणि काय करायचं ते लवकर कळव.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा. आहे तो लोभ पाण्यासारखा अर्ध्यात अडकू देऊ नकोस.
तुझी,
न्यो


यांगोन,
६ ऑगस्ट

चि. न्यो हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचून वहिनी इतकी हसली की पोरं झोपेतून उठली. अमेने मशीन विहाराच्या कामाला लावलं याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तिला मी सोन्याचा पंखा पाठवला असता तरी तिने तो विहारातच टांगला असता.

आता नीट वाच. हॉटेलच्या धोबीखान्यात दिवसभर मी हेच करतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. मशीन पाणी सोडून पिळत नसेल तर आधी साध्या गोष्टी बघायच्या. एक म्हणजे झाकण. ते पूर्ण बसलं नाही तर आतली खटकी लागत नाही आणि टोप फिरत नाही. बाजूला जाळीची लहान पिशवी आहे, तीत सुताचा गोळा साठतो, ती काढून धू. चीवर मोठं असतं, ते एका बाजूला गोळा होऊन बसलं की मशीन हादरतं आणि भिऊन थांबतं, तेव्हा हाताने चारी बाजूंना सारखं पसर. मशीन सपाट उभं आहे का हे बघायला झाकणावर पाण्याने भरलेली वाटी ठेव. पाणी एका काठाला गेलं तर त्या बाजूचा पाय फिरवून उंच कर.

हे सगळं ठीक असेल तर विजेचा घोळ. मोन्यवाची वीज म्हणजे येते तेव्हाही आल्यासारखी वाटत नाही. व्होल्टेज वाढवायचा डबा मी सोबत पाठवला होता तो जोडलास ना? आधी डबा चालू करायचा, त्याचा काटा वर आला की मगच मशीनचं बटण. उलट केलंस तर मोटर गुरगुरेल आणि जळेल. हे अमेला दहादा सांग.

मी स्वतः आलो असतो, पण मुकादम आजारी आहे आणि मॅनेजर रजेचं नाव काढू देत नाही. अमेला इकडे आणावं असं वहिनी परवा म्हणाली. मी तिला आमचा जिना दाखवला. सहा मजले, अमेचे ते गुडघे. विषय तिथेच राहिला.

मास्तरांना म्हणावं धीर धरा. यंत्र आहे, माणूस नव्हे, कुठेतरी कारण सापडतंच.

प्रकृतीला जप आणि मोठ्या भावावर राग धरू नकोस.
तुझा,
कोको


मोन्यवा,
१८ ऑगस्ट

ती. कोकोस,
न्योचा शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस ते सगळं केलं. झाकण दाबून बसवलं, वर पाटा ठेवला. जाळी धुतली, त्यात सुताबरोबर सयाडोंच्या चीवरातली सुई निघाली. चीवरं भाकरीच्या पिठासारखी सारखी पसरली. झाकणावर पाण्याची वाटी ठेवून मी पाय फिरवायला खाली वाकले, तेवढ्यात अमेने येऊन वाटीत चाफ्याचं फूल सोडलं आणि हात जोडले. तिला वाटलं मी मशीनची काही शांत करते आहे. मशीन मात्र अगदी सपाट निघालं.

डब्याचा काटा वर येईपर्यंत थांबते. आपल्या आळीला विजेची एक दिवस सकाळची पाळी, एक दिवस रात्रीची, तरी मी काटा बघितल्याशिवाय बोट लावत नाही. काही उपयोग नाही. अर्धं पाणी जातं, अर्धं राहतं. उरलेलं मी डब्याने उपसते. मग ती ओली जड चीवरं एकेक बाहेर काढून हाताने पिळते. एक टोक माझ्याकडे, दुसरं कोणी धरायला नाही, म्हणून चाफ्याच्या बुंध्याला बांधते आणि पीळ घालते. तुझ्या मशीनने मला एवढंच दिलं की पूर्वी मी बसून पिळायचे, आता उभ्याने पिळते.

विहिरीच्या पाण्याने मशीन खराब झालं असेल का? की वीजवाल्याने काही उलटंपालटं जोडलं? पण मग पहिलं धुणं कसं नीट झालं? त्या दिवशी पाण्याची नळी गटारात सोडली होती. नंतर अमे म्हणाली की चीवराचं पाणी, त्यावरून लोक पाय टाकून जाणार, असं पाप माझ्या दारात नको. म्हणून तिने ती नळी उचलून चाफ्याच्या पारावर बांधली आहे. पार चांगला कमरेएवढा आहे, आळं रुंद आहे, पाणी बाहेर सांडत नाही. चाफा मात्र फुलांनी लगडला आहे. या घरात कोणाचं भलं झालं असेल तर त्याचं.

अमेची काळजी करू नकोस, ती खुशीत आहे. मशीन टीं टीं करायला लागलं की आतून मला हाक मारते, जा बाई, तुझा नवरा बोलावतोय. परवा म्हणाली की यंत्राला सुद्धा कळतं घरात कोणी राहायला हवं. मी उठले. विहिरीवर जाऊन तिच्या लुंग्या आपटल्या, एक फाटली.

कोको, खरं सांगते, मला या घरात गुदमरल्यासारखं होतं. सकाळी उठले की मोहिंग्याचा माशांचा रस्सा आणि शेवया, तिचे पाय चोळणं, विहिरीवरचं धुणं, चीवरं, उपसणं, पिळणं, आणि संध्याकाळी परत तिचे पाय. मास्तर रोज शाळेतून येताना कुंपणाबाहेर सायकल थांबवून साखळी बघितल्यासारखं करतात. साखळीला काहीही झालेलं नसतं. मी ओल्या हातांनी कुंपणापर्यंत जाते आणि मशीन कसं आहे तेवढंच सांगते. आम्ही दोघं आता तेवढंच बोलतो.

तुझ्या पुढच्या पत्राकडे डोळे लावून बसले आहे. माया कमी करू नकोस.
तुझी,
न्यो


यांगोन,
२८ ऑगस्ट

चि. न्यो हिस,
अ. उ. आ. वि. वि.

अगं, नळी! तुझं पत्र धोबीखान्यात उभ्या उभ्या वाचलं आणि पारापाशी आल्यावर कपाळावर हात मारून घेतला. माझी अक्कल हॉटेलातच राहिली. आमच्या इथल्या यंत्रांना पंप असतो, ती पाणी माडीवर सुद्धा फेकतात, म्हणून नळी कुठे जाते हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझ्या मशीनला पंप नाही. खालचं बूच उघडतं आणि पाणी आपल्या वजनाने वाहून जातं, बस. नळी कमरेएवढ्या पारावर चढवली तर पाराच्या वरचं पाणी जाणार, खालचं जाणार नाही. आणि पाणी आत आहे तोवर मशीन पिळणार नाही. मशीनमध्ये कणभर दोष नाही. दोष आपल्या अमेच्या पुण्याचा.

आता असं कर. पाराच्या तळाशी, जमिनीलगतची एक वीट काढ. नळी जमिनीवरून सरळ ने आणि त्या भोकातून चाफ्याच्या मुळाशी सोड. मधे कुठे उचलू नकोस, दुमडू देऊ नकोस. चीवराचं पाणी झाडालाच जाईल, कोणाचा पाय लागणार नाही, अमेचं पाप वाचेल आणि तुझं लग्न. तिला आधी समजावून सांग, मग वीट काढ. न सांगता काढलीस तर ती वर्षावास संपेपर्यंत विटेसाठी रडेल.

मग तिला बटण शिकव. डबा, काटा, बटण, एवढंच.

कुंपणावरच्या साखळीला माझा नमस्कार सांग. तुझ्या पत्राने काळीज हललं, पण आता सुटलीस म्हणून समज.
तुझाच,
कोको


मोन्यवा,
१५ सप्टेंबर

ती. कोकोस,
न्योचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसले असते तर हे पत्र नाचत आलं असतं. उशीर झाला ते बरंच झालं म्हणायचं.

वीट काढली. अमेने कुरकुर केली, पण पाणी चाफ्याच्याच मुळाशी जातंय हे वाकून वाकून बघितलं आणि गप्प झाली. नळी खाली आली आणि मशीन पहिल्या दिवसासारखं चाललं. सगळं पाणी गेलं, टोप इतक्या जोराने फिरला की ओसरीवरची भांडी वाजली. चीवरं जवळजवळ कोरडी बाहेर आली. मी कुंपणापर्यंत पळत गेले, मास्तरांनी त्या दिवशी साखळी बघायचं सोंगसुद्धा केलं नाही.

मग अमेला शिकवायला घेतलं. पहिल्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी बोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली की हे टीं टीं करतं तेव्हा माझ्या छातीत धडधडतं, मी मेले तर तुम्ही दोघं कलॉच्या थंडीत सुखाने राहाल का. मी हसून घेतलं. रोज सकाळी तिचा हात धरून मशीनपाशी नेते, डबा, काटा, बटण म्हणते आणि ती पोपटासारखं म्हणते. पण बोट काही लावत नाही.

आणि गेल्या आठवड्यात पुन्हा पाणी तुंबलं. बघते तर नळी पारावर. मला वाटलं शेजारच्या बकरीने ओढली, खाली घेतली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मी बकरीवाल्याशी भांडून आले, कोको. त्याला नाही नाही ते बोलले.

काल पॅगोड्यावर फुलं वाहायला गेले होते, वाटेत सर आली म्हणून अर्ध्यातून परतले. अंगणात अमे बुटक्या स्टुलावर उभी होती. त्या गुडघ्यांनी स्टुलावर कशी चढली देव जाणे. जुन्या लुंगीच्या चिंधीने नळी पारावरच्या खिळ्याला बांधत होती. मला बघून दचकली नाही, लपवलंही नाही. गाठ पुरी मारली. मी हात धरून तिला खाली उतरवलं आणि विचारलं की हे का. तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली,

"पाणी तुंबलं की तू घरात थांबतेस."

मी तिच्यावर ओरडायला हवं होतं. किती वेळा मनातल्या मनात ओरडले आहे. पण तिचा हात माझ्या हातात होता, कोको, आणि तिने तो सोडला नाही. बकरीवाल्यावर ओतलं तसं मी तिच्यावर ओतू शकले नाही. तिला आत नेलं, अंग पुसलं, गालांना थनाखाच्या सालीचा लेप लावून दिला.

आता मला तिला सोडून जाता येणार नाही. यंत्र बिघडलेलं असतं तर दुरुस्त करून गेले असते. तिने बिघडवलं म्हटल्यावर कशी जाऊ? पेटीत घालायला काढलेले ब्लाउज आणि स्वेटर परत कपाटात ठेवले. मास्तरांना परवा सांगेन. कसं सांगायचं ते ठरत नाही, कारण त्यांच्याशी मी मशीनशिवाय काही बोललेच नाही.

मला रागवू नकोस. तुझ्या रागाला तोंड द्यायचं बळ आता उरलेलं नाही.
न्यो


यांगोन,
२४ सप्टेंबर

चि. न्यो हिस,
आशीर्वाद.

मास्तरांना काही सांगू नकोस. सांगितलं असशील तर जाऊन परत फिरव. पौर्णिमेपर्यंत थांब.

मी चिडलो आहे, पण तुझ्यावर नाही. अमेला वेगळं पत्र घालतो आहे, त्यात काय लिहिणार ते मला अजून माहीत नाही. तोपर्यंत एक कर. कात्री घे आणि ती नळी पारापर्यंत पोचणार नाही इतकी कापून टाक. भोकात जाईल एवढी ठेव. मग तिने स्टूल काय, शिडी लावली तरी तिला ती वर बांधता येणार नाही. असल्या गोष्टीत दया कामाची नसते. यंत्राला जशी खटकी असते तशी अमेलाही लावावी लागेल.

तू म्हणशील की इथून कात्री चालवायला तुला काय जातं. खरं आहे. पण ऑक्टोबरात पाहुणे यायला लागतात, आत्ता निघालो तर परत आल्यावर माझी जागा माझी राहणार नाही. वहिनीने तुझ्यासाठी रेशमाचं कापड घेऊन ठेवलं आहे, ते तरी पाठवतो.

ऐक माझं, एवढ्या वेळेला तरी.
तुझा,
कोको


मोन्यवा,
१६ ऑक्टोबर

ती. कोकोस आणि प्रिय वहिनीस,
न्योचा साष्टांग नमस्कार.

कापड पोचलं. इतकं सुंदर की शिवायला भीती वाटली, तरी शिवलं. परवा नेसणार आहे. होय, परवा. थडिंजूच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भिक्खूंना जेवण घालायचं, आळीच्या मुखियासमोर सह्या करायच्या आणि दुपारच्या बसने निघायचं. आता सगळं पहिल्यापासून सांगते.

नळी मी कापली नाही. कात्री घेऊन गेले होते, पण हात चालला नाही. मास्तरांनाही सांगायला गेले होते, तिथेही जीभ चालली नाही. नुसते दिवस ढकलत होते. अमेला बटण शिकवायचं मी सोडून दिलं. सकाळी उठायचं, नळी खाली घ्यायची, चीवरं धुवायची, की दिवस संपला. ती एकदोनदा आपणहून मशीनपाशी येऊन उभी राहिली, डबा, काटा म्हणाली. मी म्हटलं राहू दे अमे, आता काय करायचंय शिकून. मी रागाने नाही म्हटलं. तेवढंही अंगात नव्हतं.

आणि काल ती भल्या सकाळीच मला म्हणाली की बाजारात जा, नदीपलीकडची ताजी मासळी आण आणि सावकाश ये. मी परत आले तर अंगणभर चीवरं वाळत! सगळी! अमे ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, चिरूट न पेटवता हातात धरलेला. मी विचारलं हे कोणी केलं. म्हणाली, कोणी म्हणजे, मी. बटण दाबलं, झालं. तुझ्या भावाने उगीच एवढी पत्रं लिहिली, यात शिकण्यासारखं आहे काय.

मी ओरडलेच, कोको. तिच्या गळ्यात पडले, तर म्हणाली हळू, हात दुखतो. चीवरं थोडी जास्त ओली वाटली, म्हटलं बघू का पिळणं कमी झालंय का, तर माझ्यावर खेकसली, की हे मशीन आता माझं आहे, तू हात लावायचा नाहीस. वर चादर टाकून ठेवली आहे, धूळ बसते म्हणे. रात्री जेवताना तिचा भात सारखा ताटाबाहेर सांडत होता. एवढी आनंदात मी तिला आपले अप्पा गेल्यापासून बघितली नव्हती. मीच तिला दोन घास भरवले.

मग तिने स्वतः माझे ब्लाउज कपाटातून काढले आणि पेटीत भरले. स्वेटर वर ठेवला, वाटेत थंडी वाजेल म्हणून. आज संध्याकाळी मास्तर कुंपणापाशी आले तेव्हा तिनेच त्यांना आत बोलावलं, लफे पुढे केलं आणि म्हणाली की मास्तर, साखळी फार दिवस बिघडली तुमची.

तुला रजा नाही हे कळलं. तू असायला हवा होतास एवढंच म्हणते आणि पुढे काही म्हणत नाही. रात्रीच्या सोबतीला शेजारची डो सान येऊन झोपेल. कलॉहून पत्ता कळवते.

तुझ्या त्या खोक्याने खरंच मला सोडवलं, कोको. जन्मभर तुझी ऋणी आहे. आम्हा दोघांवर माया ठेव.
तुझी,
न्यो


मोन्यवा,
२९ ऑक्टोबर

चि. सेन ह्लाइंग यास आईचे आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलं आहे ते समजून घे. उजवं मनगट बांधलेलं आहे.

न्यो गेली. बस वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत होती. रेशमाचं कापड तिला फार शोभलं. जेवणाला सयाडो आले होते, त्यांनी तुझी चौकशी केली. मी सांगितलं त्याच्या हॉटेलात पाहुणे आहेत.

तुझं पत्र मिळालं होतं. त्यात तू मला जे जे म्हणालास ते सगळं खरं आहे, म्हणून त्याचं उत्तर दिलं नाही. पण मी तिला सोडलं ते तुझ्या पत्रामुळे नाही. रोज सकाळी हात धरून मला त्या मशीनपाशी न्यायची, मी चष्म्याची आणि बोटाची नाटकं करायची, ती हसायची. मग एक दिवस तिने हात धरला नाही. मी आपणहून जाऊन उभी राहिले तर म्हणाली राहू दे. ती पन्नाशीला आलेली बाई दिसत होती. मी तिच्याएवढी असताना तुम्हा दोघांना वाढवत होते, मला पुढचं सगळं दिसत होतं. तिला काहीच दिसत नव्हतं.

म्हणून त्या सकाळी मी तिला बाजारात पाठवलं. खरोखर चालवायचं ठरवलं होतं. घाईत डबा आधी की बटण आधी तेच विसरले. बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, जळका वास आला, काळा धूर निघाला आणि बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. आता ही येईल, मशीन मेलेलं बघेल, आणि पुन्हा तिने तुला पत्र लिहायचं, पुन्हा तुझं उत्तर, तोवर मास्तर गेला असता.

तेव्हा चीवरं बाहेर काढली आणि विहिरीवर धुतली. पिळायला ती करायची तसंच केलं, एक टोक चाफ्याला बांधून. किती वेळा बसावं लागलं ते विचारू नकोस. ती यायच्या आत दोरीवर घातली. तिने विचारलं तेव्हा खोटं बोलले. वर्षावासात खोटं बोलले, आणि तेही भिक्खूंची चीवरं झटकलेलं पाणी अंगावर असताना. सयाडोंना जाऊन सांगितलं, ते हसले आणि मला लिंबाचं सरबत दिलं. तेव्हापासून चीवरं विहारातली मंडळी विहारातच धुतात. माझ्यापुरतं मी कसंबसं करते. डो सान मदत करते, फार बडबडते.

न्योचं पत्र आलं आहे. तिकडे सकाळी धुकं असतं, मास्तर चहा करून देतो, खिडकीबाहेर झाडं आहेत असं लिहिते. मशीन कसं चाललंय म्हणून दोनदा विचारलं आहे. मी उत्तर लिहिलं की झकास चाललंय. तुलाही विचारील. तू तिचा कोको, थोरला भाऊ, तूही तेच लिही. खरं कळलं तर पुढच्या बसने ती इथे हजर होईल, आणि ती दारात उभी राहिली तर मी तिला परत जाऊ देणार नाही. एकदा जमलं. पुन्हा जमेल असं मला वाटत नाही.

तू मात्र आता पत्रातून काही दुरुस्त करू नकोस. वीट कुठली काढायची, कात्री कुठे चालवायची, ते लिहू नकोस. मला वाचायला चष्मा लागतो आणि लिहायला हात नाही. पाहुणे गेले की हत्यारं घे आणि स्वतः ये.

वाट बघते. सूनबाईला आणि नातवंडांना आशीर्वाद.
तुझी आई